खिडकीतला खांब तिरका का दिसतो?

कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झाले आणि खिडकीतून व्हिडिओ काढणाऱ्यांच्या वाट्याला रुळांलगतचे खांब आले. मांडवी एक्स्प्रेसने गोव्याला जाताना मी चिपळूणच्या पुढे फोन आडवा धरून बराच वेळ शूटिंग केले. घरी येऊन पाहिले तर दूरचे डोंगर ताठ उभे, पण जवळचा प्रत्येक खांब वाऱ्याने वाकावा तसा कललेला. लेन्स बिघडली असे वाटले, पण लेन्स ठीक होती.

फोनचा सेन्सर अख्खे चित्र एका क्षणात टिपत नाही. आपण पान वाचतो तसा तो एकेक ओळ वाचत जातो. पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांत, फोन कोणता त्यावर, साधारण 1/100 ते 1/30 सेकंद जातो. आपण 1/50 धरू. गाडी ताशी 90 किलोमीटरने धावत असेल तर ती सेकंदाला 25 मीटर कापते, म्हणजे 1/50 सेकंदात अर्धा मीटर. खांबाचा शेंडा नोंदवून बुंध्यापर्यंत येईतो गाडी अर्धा मीटर पुढे गेलेली असते, आणि बुंधा तेवढा मागे उमटतो. डोंगर इतका लांब असतो की अर्ध्या मीटरने त्याला काही फरक पडत नाही. या प्रकाराला रोलिंग शटर म्हणतात.

हे स्वतः करून बघण्यासारखे आहे. फोन आडवाच ठेवून वरची बाजू खाली करा, खांब उलट्या दिशेला कलतील. फोन उभा धरलात तर ते कलत नाहीत, कारण सेन्सरच्या ओळीही आता उभ्या झालेल्या असतात. त्याऐवजी खांब किंचित बारीक किंवा जाड दिसतात. उपाय सोपा आहे: खिडकीतून काटकोनात न बघता कॅमेरा थोडा पुढच्या दिशेला वळवा आणि नजर लांबवर ठेवा. रत्नागिरीच्या पुढे पानवल नदीचा सुमारे 64 मीटर उंच पूल लागतो. तिथे खाली दरीकडे रोखलेला कॅमेरा फार सुंदर काम करतो. त्यासाठी दारात लोंबकळायची मुळीच गरज नाही, आणि कोणी तसे करत असेल तर त्याला हाताला धरून आत ओढावे.

दुसरी अडचण उन्हाची. बहुतेक फोनच्या लेन्सचे छिद्र लहानमोठे होत नाही. प्रकाश जास्त झाला की फोन एक्स्पोजरचा काळ, म्हणजे एक फ्रेम टिपताना सेन्सर प्रकाश घेतो तेवढा वेळ, कमी करतो. भर दुपारी, एफ 1.8 एवढे मोठे छिद्र आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) 50 असताना, तो 1/4000 सेकंदाच्या आसपास जातो. मग प्रत्येक फ्रेम सुरीसारखी धारदार येते, पण एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये हालचाल वाहत नाही. धबधब्याचे पाणी तुटक थेंबांसारखे उडते, झाडे धक्के देत सरकतात. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एक्स्पोजर 1/50 ठेवावा, म्हणजे हालचालीला डोळ्याला रुचेल इतका पुसटपणा येतो. पण इतक्या उन्हात 1/50 वर चित्र पांढरेफटक पडेल. त्यासाठी लेन्सपुढे गडद काच लावायची, एनडी 64 नावाची, जी प्रकाशाचा फक्त 1/64 भाग आत सोडते. महागडा फोन घेण्याआधी ही काच घ्या असे माझे मत आहे.

संध्याकाळी स्टेशनवरच्या चहाच्या टपरीवर वेगळीच कथा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही, ओळीओळीने वाचणाऱ्या सेन्सरला कळते, आणि चित्रावर काळसर पट्टे सरकू लागतात. एक्स्पोजर 1/50 किंवा 1/100 ठेवला की प्रत्येक ओळीला पूर्ण लाटाच मिळतात आणि पट्टे जातात. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, म्हणून तिथले लोक 1/60 सांगतात. तो सल्ला आपल्या ट्यूबलाइटखाली फसतो.

राहिले बोगदे. या मार्गावर ते नव्वदच्या वर आहेत आणि प्रत्येक बोगद्यात फोन गोंधळतो. काळोखात तो प्रकाशाची भूक वाढवत नेतो, आणि बाहेर पडताच काही क्षण सारे पांढरे होते. बोगद्यात शिरण्याआधीच, उजेडात, स्क्रीनवर बोट दाबून धरा आणि एक्स्पोजर लॉक करा. रत्नागिरीच्या अलीकडचा कारबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. ताशी 90 च्या वेगाने चार मिनिटांहून जास्त काळोख, आणि त्यानंतरच्या पहिल्याच फ्रेममध्ये रान हिरवेगार.