गव्हाच्या बीअरमध्ये केळं येतं कुठून?

रेस्टॉरंटच्या काचेमागच्या ५०० लिटरच्या टाकीतून हेफेवायझन, म्हणजे ही गव्हाची बीअर, ग्लासात ओतली की आधी पिकल्या केळ्याचा वास येतो, मागून लवंगेचा. टाकीत केळंही पडलेलं नसतं आणि लवंगही. दोन्ही वास यीस्टने बनवलेले. मूळची जर्मनीच्या बवेरियातली ही बीअर पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींमध्येही सर्रास बनते, त्यामागे हिशेबही आहे: लागर ही थंडीत हळू आंबणारी बीअर टाकी चार-सहा आठवडे अडवून ठेवते, ही दोन आठवड्यांत विकायला तयार होते.

एका घाण्याला साधारण ९५ किलो मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) लागतं, त्यातलं ६० टक्के गव्हाचं, बाकी बार्लीचं. दळताना दाणा फुटायला हवा, त्याचं पीठ व्हायला नको. गव्हाला बार्लीसारखं टरफल नसतं, त्यामुळे मॅशचा (गरम पाण्यात कालवलेल्या मॉल्टचा) थर गच्च बसतो. म्हणून त्यात तीन-चार किलो धुतलेलं भाताचं तूस मिसळतात. ते विसरलं की वर्ट (मॅशमधून गाळलेलं गोड पाणी) थेंबाथेंबाने गळतं. अशा वेळी पंपाचा वेग वाढवणं ही हमखास होणारी चूक, त्याने थर आणखी आवळतो. पंप बंद करून खालून थोडं गरम पाणी सोडलं की तो मोकळा होतो.

पाण्यातला क्लोरीन त्याआधीच कार्बन फिल्टरने काढलेला हवा. तो राहिला तर फेनॉल या वासाच्या संयुगांशी संयोग पावून क्लोरोफेनॉल बनवतो आणि बीअरला दवाखान्याचा वास येतो. तो अगदी अल्प प्रमाणातही जाणवतो आणि नंतर कशानेही जात नाही.

लवंगेची तयारी मॅशमध्येच होते. ४४ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं थांबलं की धान्याच्या पेशीभित्तिकांतून फेरुलिक आम्ल सुटतं. पुढे यीस्ट त्यातून कार्बन डायऑक्साइडचा रेणू काढून टाकतं आणि ४-व्हिनाइल ग्वायकॉल उरतं, तीच ती लवंग. मग ६३ अंशांना ४० मिनिटं, ७२ ला २० मिनिटं. आयोडीनचा थेंब निळा-काळा होईनासा झाला की स्टार्चची साखर झाली. ७८ अंशांना नेऊन गाळायला घ्यायचं. उरलेली साखर धुऊन काढायला वरून सोडायचं पाणी याहून गरम असेल तर टरफलांतला तुरटपणा उतरतो.

वर्ट तासभर खळखळून उकळायचं. वाफेला वाट नसेल तर डायमिथाइल सल्फाइड आतच राहतं आणि बीअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) बेताचेच, नाहीतर कडवटपणा या नाजूक वासांवर चढतो.

आता वर्ट १८ अंशांवर आणायचं. मे महिन्यात नळाचं पाणीच ३० अंशांच्या वर असतं, त्यामुळे हीट एक्स्चेंजरचा दुसरा टप्पा ग्लायकॉलवर (थंड करून फिरवलेल्या न गोठणाऱ्या द्रवावर) चालवावा लागतो. कोरडं यीस्ट २५० ते ३०० ग्रॅम. १८ अंशांच्या आसपास लवंग पुढे राहते, २२ ला केळं, म्हणजे आयसोअमाइल अॅसिटेट. त्याच्याही वर गेलात तर थिनरसारखा उग्र वास.

छोट्या टाकीचा फायदा इथे दिसतो. उंच टाकीत द्रवाच्या आणि कोंडलेल्या वायूच्या दाबाखाली यीस्ट एस्टर (केळ्यासारखे फळांचे वास देणारी संयुगं) कमी बनवतं. रेस्टॉरंटच्या बुटक्या टाकीत, वायूची नळी मोकळी ठेवली, तर केळं आपसूक येतं. मोठ्या कारखान्याला त्यासाठी झगडावं लागतं.

चार-पाच दिवसांत घनता १२ प्लेटोवरून (विरघळलेल्या साखरेचं माप) ३ वर येते, अल्कोहोल पाच टक्क्यांच्या जरा खाली. पण आकडा थांबला म्हणून लगेच थंड करू नये. नमुना झाकून ६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा, गार करून हुंगा. लोण्याचा वास आला तर डायअॅसिटिल शिल्लक आहे. ते शोषून घ्यायला यीस्टला आणखी दोन दिवस उबेत राहू द्या.

रिकाम्या टाकीच्या धुलाईत मात्र घाई महागात पडते. टाकी कार्बन डायऑक्साइडने भरलेली असते. त्यात दोन टक्क्यांचा कॉस्टिक सोडा फवारला की तो वायू शोषून घेतो: सोड्याची ताकद जाते आणि आत निर्वात होतो. व्हॅक्यूम व्हॉल्व्ह चिकटलेला असेल तर स्टीलची टाकी डोळ्यांदेखत आत चेपते. म्हणून आधी मॅनहोल उघडून खालच्या व्हॉल्व्हमधून जड वायू वाहून जाऊ द्यायचा, खोलीतला पंखा चालू ठेवायचा आणि तोवर आत डोकं घालायचं नाही.