मिरची द्या, ठेचा नको

पोपटाला मिरची झोंबत नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते खरंही आहे. घोळ होतो तो त्यापुढे. मिरची चालते म्हटल्यावर ठेचा, मिसळीचा कट, वडापावाची लाल चटणी, फरसाण, सगळंच चालायला लागतं. 'अहो, काही होत नाही, त्याला तिखट आवडतं!' असं म्हणत रविवारच्या मिसळीच्या ताटाशी पक्ष्याला बसवलं जातं, वर व्हिडिओही काढला जातो. पक्षी आवडीनं खातो, यात शंका नाही. पण आवडलेलं सगळंच पचतं, असं पक्ष्यांच्या बाबतीतही नसतं.

(हे सगळं बजी, लव्हबर्ड, कॉकटील, कोन्यूर, आफ्रिकन ग्रे या पाळल्या जाणाऱ्या परदेशी पोपटांबद्दल आहे. लाल चोचीचा आपला देशी राघू पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याला काय खायला घालावं, हा प्रश्नच येऊ नये.)

मिरचीचं चटकन उरकू. तिची आग होते ती कॅप्सेसिनमुळे. आपल्या तोंडात उष्णतेची जाणीव करून देणारा टीआरपीव्ही-1 नावाचा एक ग्राही, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, असतो, कॅप्सेसिन त्यालाच चेतवतं. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं तो 1997 मध्ये शोधला आणि 2021 च्या नोबेलमध्ये या कामाचा मोठा वाटा होता. पक्ष्यांमधला हाच ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही, हे 2002 मध्ये कोंबडीवरच्या प्रयोगांतून दिसलं. त्यामुळे लवंगी असो की ढोबळी, पक्ष्याला दोन्ही सारख्याच. पिकलेल्या लाल मिरचीत अ जीवनसत्त्वाला लागणारं कॅरोटीन जास्त असतं. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटांत नेमकी याचीच कमतरता असते, म्हणून मिळाली तर लाल घ्या. मंडईतून आणलेली मिरची भरपूर पाण्यात चोळून धुवा, देठ काढा, उभी चिरून बिया दिसतील अशी द्या. बजीला अर्धा सेंटीमीटरची एक चकती, कॉकटीलला अर्धी मिरची, ग्रेला एक अख्खी, आठवड्यातून दोन-तीनदा. बुरशीचा वास येणारी वाळकी मिरची देऊ नका. आणि खाऊन झाल्यावर तासभर तरी त्याची चोच तुमच्या डोळ्यांपासून लांब ठेवा, कारण तुमचा ग्राही शाबूत आहे.

आता ठेचा. दहा-बारा हिरव्या मिरच्या, सात-आठ लसूण पाकळ्या, थोडं दाण्याचं कूट, तेल, अर्धा चमचा मीठ. यातली मिरची सोडली, तर बाकीचं जवळजवळ सगळं आक्षेपार्ह.

आधी मीठ, कारण लोक सर्वांत जास्त फसतात ते इथेच. ठेच्यात साधारण तीन टक्के मीठ धरू. शेंगदाण्याएवढा ठेचा, म्हणजे अर्धा ग्रॅम, घेतला तर त्यात 15 मिलिग्रॅम मीठ झालं. ऐकायला काहीच नाही. पण बजीचं वजन असतं सुमारे 35 ग्रॅम. त्याच हिशेबानं 60 किलोच्या माणसाला एका बैठकीत सुमारे 25 ग्रॅम मीठ खावं लागेल, म्हणजे चार-पाच चहाचे चमचे. फरसाणात मीठ दोन टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे 'दोनच शेवकांड्या दिल्या' हे वाक्यही वाटतं तितकं निरागस नाही. जास्तीचं मीठ पोटात गेलं, की आधी पक्षी पाणी पीत सुटतो, विष्ठा पातळ होते. पुढे तो फुलून, मलूल बसतो. त्याहून पुढे थरथर आणि झटके. रोज थोडं थोडं देत राहिलं, तर हे काहीच न दिसता मूत्रपिंडांवर ताण येत राहतो, आणि पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. 'इतके दिवस देतोय, काही झालं नाही' या युक्तिवादाला म्हणूनच अर्थ नाही.

मग लसूण. लसूण, कांदा, कांद्याची पात, सगळी एकाच कुळातली. त्यांच्यातली गंधकाची संयुगं लाल रक्तपेशी फोडतात आणि पक्ष्याला रक्तक्षय होतो. विष्ठेतला पांढरा भाग हिरवट किंवा लालसर दिसू लागतो, पक्षी लवकर दमतो, दांडीवरून घसरतो. परतल्यानं किंवा उकळल्यानं हा गुण जात नाही. वाळवून पूड केली, तर चिमटीत उलट जास्त मावतो. म्हणून आपल्या घरचा खरा गुन्हेगार ठेचाही नाही, तो आहे कांदा-लसूण मसाला. आमटीत तोच, उसळीत तोच, कटात तोच. 'भाजीतला नुसता बटाटा दिला' म्हणणाऱ्यांनी त्या बटाट्याला काय लागलेलं असतं ते बघावं.

तेलाचं फार सांगत नाही. ते पिसांना चिकटतं आणि रोज पोटात गेलं तर यकृतावर चरबी चढते. मिरचीची भजी ही मिरची नसून भजी आहे.

'मग धुऊन देतो' हे आणखी एक फसवं उत्तर. कटात शिजलेल्या मटकीच्या आत मीठ आणि लसणाचा अर्क दोन्ही मुरलेले असतात. नळाखाली धरून फक्त वरचा तवंग जातो. करायचंच असेल तर क्रम बदला. मटकी वाफवली, की मीठ आणि फोडणी पडायच्या आधी पक्ष्याचा चमचाभर वाटा वेगळा काढा, गार करा, त्यात ताज्या मिरचीचा तुकडा घाला. बजीला चमचाभर नव्हे, आठ-दहा दाणे पुरतात. पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये हे दोन तासांच्या वर पिंजऱ्यात राहू देऊ नका. मूग-मटकीला मोड आणून कच्चे दिले तरी चालतात, फक्त बुळबुळीत झालेले किंवा आंबूस वास येणारे फेकून द्या. राजमा मात्र मोड आलेलासुद्धा कच्चा अजिबात नाही. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन जायला तो भिजवून, ते पाणी टाकून, चांगली खळखळ उकळी आणून शिजवावाच लागतो.

दाण्याच्या कुटाबद्दल एवढंच, की दमट हवेत शेंगदाण्याला बुरशी लागते आणि तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजून पुरतं जात नाही. खारे दाणे तर दोन्ही कारणांनी बाद. चॉकलेट, कॉफी आणि ॲव्होकाडो यांवर चर्चा नको, कणभरही द्यायचं नाही. चहात बुडवलेली खारी भरवणाऱ्यांनी त्यात मीठ, साखर, तूप, दूध आणि कॅफिन एकाच घासात जातं, याची नोंद घ्यावी.

मिरच्या परतताना उठणारा खकाणा पक्ष्याला आपल्यासारखा झोंबत नाही, म्हणून तो शिंकत नाही, पळत नाही. पण धूर तो धूरच आणि पक्ष्यांची फुप्फुसं त्या बाबतीत फार नाजूक. ठेचा करताना पिंजरा दुसऱ्या खोलीत, दार बंद. नॉनस्टिक तवा जास्त तापला, तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांतही मरू शकतो, म्हणून मिरच्या लोखंडी तव्यावर भाजा.

चुकून ठेचा खाल्लाच, तर चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-दही देऊन 'उतारा' करू नका, दुधातली साखर त्याला पचत नाही. वाटीत ताजं पाणी ठेवा, किती खाल्लं आणि किती वाजता ते लिहून ठेवा, आणि पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला फोन करा. थरथर, झटके किंवा धाप दिसली तर फोनवर वेळ न घालवता थेट घेऊन जा. लक्षणं नसली, तरी पुढचे चार-पाच दिवस सकाळची पहिली विष्ठा झाल्यावर, खाणं घालण्याआधी, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर त्याचं वजन करा. लसणाचा परिणाम कधीकधी उशिरा दिसतो. वजन दहा टक्क्यांनी उतरलं, म्हणजे 35 ग्रॅमच्या बजीचं साडेतीन ग्रॅमनं, तर तो कितीही टणाटण उड्या मारत असला तरी दवाखाना गाठा.