कार्बनची फ्रेम आणि तंतूंची दिशा

कार्बनच्या फ्रेमविषयी दोन समज सर्रास आढळतात आणि गंमत अशी, की ते पुष्कळदा एकाच माणसाच्या बोलण्यात ऐकू येतात. पहिला समज असा, की कार्बन पोलादापेक्षा कितीतरी बळकट असतो, त्यामुळे फ्रेम कार्बनची आहे एवढे कळले की पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. दुसरा समज असा, की कार्बन ठिसूळ असतो आणि एखादा दगड उडून लागला की फ्रेम कामातून जाते. दोन्ही समजांत कार्बन हा पोलादासारखा एकजिनसी पदार्थ आहे, असे न बोलता गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात फ्रेममध्ये जे असते ते कार्बनचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारी इपॉक्सी राळ यांचे संमिश्र असते. त्याचे गुणधर्म तंतू कोणत्या दिशेने लावले आहेत आणि ते किती सरळ राहिले आहेत यांवर ठरतात. स्वस्तातली कार्बन फ्रेम घेऊन तिच्यावर चाके, ब्रेक, गिअर असे एकेक भाग चढवत कच्च्या रस्त्यांवर चालणारी ग्रॅव्हल बाइक स्वतः जुळवायची असेल, तर ही गोष्ट आधी नीट समजून घेणे फायद्याचे ठरते. कारण फ्रेम कुठे स्वस्त केलेली असते आणि जुळणी करताना ती कुठे बिघडू शकते, या दोन्हींची उत्तरे तिथेच आहेत.

प्रथम काही आकडे पाहू. पदार्थाचा ताठपणा मोजण्यासाठी शाळेत यंगचा गुणांक शिकवतात. पोलादाचा हा गुणांक सुमारे २०५ गिगापास्कल आणि घनता घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम असते, अ‍ॅल्युमिनियमसाठी हेच आकडे ७० आणि २.७, तर टायटॅनियमच्या मिश्रधातूसाठी सुमारे ११० आणि ४.४ असे आहेत. गुणांकाला घनतेने भागले, तर तिन्ही धातूंचे उत्तर २५-२६ च्या आसपास येते. म्हणजे वजनाच्या हिशेबाने पाहिले, तर तिन्ही धातू जवळजवळ सारखेच ताठ आहेत. आता कार्बनकडे वळू. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या पदार्थाचे धागे आधी हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला आणि मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत १००० अंशांच्या वर तापवून ५ ते ७ मायक्रोमीटर जाडीचे कार्बनचे तंतू तयार करतात. सायकलींत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या टी-७०० या प्रतीच्या तंतूचा गुणांक २३० गिगापास्कल असतो, तर राळेचा जेमतेम ३. साठ टक्के तंतू आणि चाळीस टक्के राळ अशा थरात सगळे तंतू एकाच दिशेने असतील, तर त्या दिशेने गुणांक १३५ च्या आसपास भरतो. या संमिश्राची घनता १.६ असल्याने भागाकार ८५ च्या जवळ जातो, म्हणजे धातूंच्या तिपटीहून अधिक.

मात्र त्याच थराला तंतूंना काटकोनात ताणले, तर गुणांक फक्त ९ गिगापास्कल मिळतो, कारण त्या दिशेने भार मुख्यतः राळेतून जातो. एका दिशेला १३५ आणि काटकोनात ९, असा हा पदार्थ आहे. हा भेदभाव टाळण्यासाठी तंतू सर्व दिशांना समप्रमाणात पसरले, तर गुणांक सुमारे ५० वर येतो आणि घनतेने भागल्यावर ३१ मिळतात. धातूंचे २६ आणि कार्बनचे ३१! एवढ्या फरकासाठी कोणी फ्रेमवर इतके पैसे आणि श्रम खर्च केले नसते. कार्बनचा खरा लाभ भार कोणत्या दिशेने येणार हे आधी ओळखून तंतू नेमके त्या दिशेने लावण्यात आहे आणि फ्रेमच्या रचनाकाराचे कौशल्य त्यातच लागते.

या रचनेतला मला सर्वांत मोहक वाटणारा भाग म्हणजे डाउन ट्यूब, अर्थात हँडलच्या खालून पेडलच्या कण्याकडे तिरकी उतरणारी नळी. सत्तर किलो वजनाचा स्वार उभा राहून पेडल मारतो, तेव्हा सुमारे ७०० न्यूटन बल फ्रेमच्या मध्यप्रतलापासून दहा-बारा सेंटिमीटर बाजूला पडते. तोल सांभाळण्यासाठी स्वार त्याच बाजूचे हँडल वर ओढतो. या दोन बलांमुळे फ्रेमला सत्तर-ऐंशी न्यूटन-मीटरचा पीळ बसतो, दर अर्ध्या फेरीला त्याची दिशा उलटते आणि त्याचा मोठा वाटा डाउन ट्यूबला सोसावा लागतो. नळीला पीळ बसला की तिच्या भिंतीत कर्तनबल, म्हणजे लगतचे भाग एकमेकांवरून सरकवू पाहणारे बल, निर्माण होते. पण भिंतीचा एक लहानसा चौकोन डोळ्यांसमोर आणला आणि त्याच्या चारही कडांवरची कर्तनबले कर्णांच्या दिशेने विभागून पाहिली, तर एका कर्णाच्या दिशेने शुद्ध ताण आणि दुसऱ्या कर्णाच्या दिशेने शुद्ध दाब मिळतो. म्हणजे पीळ हे दुसरे-तिसरे काही नसून अक्षाशी ४५ अंशांचा कोन करणारे ताण आणि दाब आहेत. फळ्यावर लिहायचा खडू दोन्ही हातांत धरून पिळला, तर तो आडवा न तुटता ४५ अंशांच्या मळसूत्री रेषेत तुटतो, तो याच कारणाने; खडूला ताण सोसत नाही आणि सर्वाधिक ताण त्या तिरक्या रेषेला काटकोनात असतो.

यावरून पिळासाठी तंतू कसे लावावेत याचे उत्तर मिळते. ते नळीच्या लांबीच्या दिशेने नकोत आणि आडवेही नकोत, तर अक्षाशी अधिक ४५ आणि उणे ४५ अंश अशा जोडीने हवेत, म्हणजे पीळ कोणत्याही बाजूचा असला तरी एक थर ताणात आणि दुसरा दाबात काम करतो. सगळे तंतू लांबीच्या दिशेने असतील, तर पिळाला विरोध करणारा कर्तनगुणांक अवघा ५ गिगापास्कल असतो. तेच तंतू अधिक-उणे ४५ अंशांत लावले, तर तो ३५ च्या आसपास जातो. अ‍ॅल्युमिनियमचा कर्तनगुणांक २६ आहे आणि त्याचे वजन कार्बन संमिश्राच्या पावणेदोन पट आहे. पण याची किंमत मोजावी लागतेच. केवळ तिरके थर असलेल्या नळीचा लांबीच्या दिशेचा गुणांक १३५ वरून १८-२० पर्यंत घसरतो आणि ती सहज वाकते. म्हणून डाउन ट्यूबमध्ये तिरक्या थरांचा भरणा आणि थोडे सरळ थर, चेनस्टेमध्ये, म्हणजे पेडलच्या कण्यापासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांमध्ये, सरळ थरांवर भर, तर बोल्ट किंवा क्लॅम्प जिथे आवळायचे तिथे सर्व दिशांचे थर अशी वाटणी करतात. जोडीला भूमितीही मदत करते. पातळ भिंतीच्या नळीचा पिळाला होणारा विरोध भिंतीची जाडी आणि त्रिज्येचा घन यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. तेवढेच वजन ठेवून त्रिज्या दुप्पट केली, तर जाडी निम्मी होते, तरीही विरोध चौपट होतो. कार्बन फ्रेमच्या नळ्या इतक्या फुगीर दिसतात त्याचे कारण हे आहे.

दाबाच्या बाबतीत मात्र कार्बनची एक नाजूक बाजू उघडी पडते आणि स्वस्त फ्रेमचा प्रश्न तिथेच येतो. ताणलेला तंतू आपोआप सरळ होतो; दाबलेला तंतू बाजूला वाकू पाहतो आणि त्याला वाकू न देण्याचे काम आजूबाजूची राळ करते. तंतू मुळात सरळ रेषेपासून थोडा ढळलेला असेल, तर राळेवर कर्तनाचा भार येतो. ढोबळ हिशेबाने दाब सोसण्याची मर्यादा म्हणजे राळेची कर्तनशक्ती भागिले तंतूच्या ढळण्याचा रेडियनमधला कोन. राळेची शक्ती ६० मेगापास्कल आणि कोन अडीच अंश धरला, तर मर्यादा सुमारे १४०० मेगापास्कल येते. कोन पाच अंश झाला की ती ७०० वर येते. म्हणजे तंतू तोच, राळ तीच आणि वजनही तेच असूनही एका सुरकुतीने निम्मी ताकद गेलेली असते.

फ्रेम तयार करताना राळ लावलेल्या कार्बनच्या पत्र्याचे शेकडो लहान-मोठे तुकडे हाताने एकावर एक बसवतात, आत फुगा ठेवून तो साच्यात फुगवतात आणि राळ पिकेपर्यंत तापवतात. पेडलच्या कण्याभोवती आणि हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड उभ्या नळीच्या) मागे जिथे नळ्या एकत्र येतात, तिथे फुगा कोपऱ्यात नीट दाब देत नाही. तिथे थर सुरकुततात, हवेच्या पोकळ्या राहतात किंवा राळ साचते. महागड्या फ्रेममध्ये तिथे फुग्याखाली आकाराबरहुकूम गाभा ठेवतात, तुकड्यांच्या कडा अधिक काळजीने बसवतात आणि सदोष नग बाजूला काढतात. स्वस्त फ्रेममध्ये बहुधा कमी केलेली असते ती ही मेहनत, कार्बनची प्रत नव्हे. म्हणूनच ‘टी-१०००’ किंवा ‘अंतराळयानाच्या दर्जाचा कार्बन’ असल्या चिकटपट्ट्यांना भुलण्यात अर्थ नाही. टी-१००० आणि टी-८०० या दोन्ही तंतूंचा गुणांक २९४ गिगापास्कल, म्हणजे सारखाच आहे; फरक ताण सोसण्याच्या मर्यादेत आहे आणि फ्रेम त्या मर्यादेच्या जवळपासही सहसा जात नाही. त्यापेक्षा सायकलींच्या सुरक्षिततेसाठीच्या आयएसओ ४२१० या मानकाचा चाचणी अहवाल मागावा. त्यात पेडलच्या भाराची १००० ते १२०० न्यूटनची १ लाख आवर्तने असतात आणि सुरकुतलेला सांधा तिथे आपले खरे रूप दाखवतो.

फ्रेम हातात आल्यावर रंगापेक्षा आतली बाजू पाहावी. मोबाइलला जोडता येणारा स्वस्त एंडोस्कोप कॅमेरा सीट ट्यूबमधून, म्हणजे बैठकीखालच्या उभ्या नळीतून, खाली सोडला, तर पेडलच्या कण्याच्या खोबणीभोवतालच्या सुरकुत्या, लोंबणारे फुग्याचे तुकडे आणि राळेच्या गाठी दिसतात. पृष्ठभागावर थोडा राळेचा ओघळ असणे ही किरकोळ बाब आहे. थरच घडी पडून दुमडलेला दिसला, तर फ्रेम परत करावी. बेअरिंग दाबून बसवायच्या प्रकारात खोबणीचा व्यास दोन-तीन दिशांनी मोजावा. बीबी-८६ प्रकारात तो ४१ मिलिमीटर असतो आणि तो लंबवर्तुळाकार निघाला, तर कुरकुर आयुष्यभर सोबत करते. माझे मत विचाराल, तर स्वस्त फ्रेममध्ये आट्यांचा बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या कण्याचा बेअरिंगसंच) असलेलीच निवडावी. तिथे अ‍ॅल्युमिनियमची आट्यांची नळी चिकटवलेली असल्याने अचूकपणाचा भार कार्बनच्या साच्यावर पडत नाही.

जुळणीतला सर्वांत धोक्याचा क्षण आवळण्याचा असतो. ५ मिलिमीटर व्यासाचा बोल्ट ५ न्यूटन-मीटरने आवळला, तर तो साधारण ५००० न्यूटन बलाने ओढतो, म्हणजे अर्ध्या टनाच्या वजनाइतका. आट्यांना ग्रीस लावले असेल, तर घर्षण घटून तेवढ्याच पिळात हे बल दीडपट होऊ शकते. हे बल नळीच्या भिंतीला बाहेरून आत चिरडते आणि भिंतीच्या जाडीच्या दिशेने तंतू मुळीच नसतात. तिथे एकटी राळ असते. त्यामुळे नेमक्या पिळाने आवळू देणारा टॉर्क रेंच ही इथे चैन नाही. सीटपोस्टवर, म्हणजे बैठक धरणाऱ्या दांड्यावर, ग्रीसऐवजी बारीक कण असलेली कार्बन पेस्ट लावली की घर्षण वाढते आणि छापलेल्या कमाल आकड्याच्या बऱ्याच खाली पकड मिळते. फोर्कची, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची, हेड ट्यूबमधून वर जाणारी कार्बन नळी कापताना बारीक दातांचे पाते वापरावे, कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळावी, भुसा ओला ठेवावा आणि मास्क लावावा. या नळीत धातूची चांदणी (ताऱ्याच्या आकाराचा नट) ठोकू नये, फुगणारा प्लग बसवावा. चांदणीच्या कडा आतल्या थरांना चिरतात.

कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना थेट टेकले आणि मध्ये खारट ओलावा आला, तर तिथे विद्युतघट तयार होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते. घामाने भिजणाऱ्या सीटपोस्टच्या जागी हे विशेष घडते. पेस्टचा थर तिथेही उपयोगी पडतो. शिवाय धातूचा सीटपोस्ट वर्षातून एकदा तरी बाहेर काढून पुसावा, नाहीतर तो फ्रेममध्ये कायमचा मुक्काम करतो.

गिअरच्या निवडीबद्दल एवढेच, की पुढची चकती चेनस्टेला घासणार नाही याची खात्री करावी. रुंद टायर आणि मोठी चकती यांना एकाच अरुंद जागेत मावायचे असते. टायर आणि चेनस्टे यांच्यात दोन्ही बाजूंना निदान ६ मिलिमीटर जागा सोडावी. वाळू मिसळलेला चिखल तिथे अडकला, तर टायर फिरता फिरता कार्बनचे थर कानशीसारखे घासून काढतो.

‘कार्बनची फ्रेम धक्के शोषते’ हे वाक्य बहुतेक प्रत्येक जाहिरातीत असते. टायर, चाक, फ्रेम आणि सीटपोस्ट हे रस्त्यापासून स्वारापर्यंत एकामागोमाग एक जोडलेल्या स्प्रिंगांसारखे काम करतात आणि अशा मांडणीत जी स्प्रिंग सर्वांत मऊ ती सर्वाधिक दबते. नळ्यांच्या त्रिकोणांनी बनलेली फ्रेम उभ्या दिशेने टायरपेक्षा कितीतरी पट ताठ असते, म्हणून ती शोषते तो धक्क्याचा अगदी लहान वाटा असतो. लांब बाहेर काढलेला सीटपोस्ट थोडा अधिक लवतो आणि उरलेले जवळजवळ सगळे काम हवा करते. त्यामुळे फ्रेमवर वाचलेले पैसे लवचिक बाजूंच्या टायरवर घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. टायरच्या कापडातला ताण हवेचा दाब आणि टायरच्या छेदाची (चाकाची नव्हे) त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असतो. ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३ बार हवा भरली, तरी तो ताण ७ बार भरलेल्या २५ मिलिमीटरच्या टायरपेक्षा कमी राहतो, म्हणजे रुंद टायर मऊच राहतो. सत्तर किलोच्या स्वाराने ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये अडीच बारच्या आसपास सुरुवात करावी. मागच्या चाकावर वजनाचा मोठा वाटा येतो, म्हणून तिथे थोडी अधिक हवा ठेवावी. त्यानंतर पाव बार कमी करत जावे आणि दगडावर रिम टेकल्याचा आवाज येऊ लागला, की एक पायरी मागे यावे.