मुळांच्या हाकेला ओ

पानावर अळी पडली तर ती नजरेला पडते. पानाला भोके दिसतात, विष्ठेचे दाणे दिसतात, शेतकरी सावध होतो. जमिनीखालचे सगळे आंधळेपणाने चालते. हुमणीने, म्हणजे भुंगेऱ्याच्या मातीतल्या अळीने, मुळे कातरली किंवा सूत्रकृमींनी, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या अतिसूक्ष्म कृमींनी, मुळांवर गाठी केल्या, तर वर कळते ते इतकेच की झाड भर दुपारी मान टाकते, पिवळे पडते, थोड्या वाऱ्यानेही आडवे होते. तोपर्यंत मुळांचा बराच भाग गेलेला असतो. फवारा तिथवर पोहोचत नाही. जमिनीत मिसळायची कीडनाशके एक तर मातीच्या कणांना चिकटून बसतात, नाही तर पाण्याबरोबर खाली झिरपतात, आणि किडीबरोबर मातीतल्या उपयोगी जीवांनाही मारतात.

अशा वेळी झाड स्वतः काय करते, हे पाहणे अगत्याचे ठरते. झाड पुष्कळ काही करते. दुःखाची गोष्ट ही, की त्यातले बरेच आपण वाण निवडताना नकळत घालवून बसलो आहोत.

याचे सर्वात स्पष्ट उदाहरण मक्याचे. मक्याची मुळे पोखरणारी एक अळी आहे. तिचे भुंगेरे मातीत अंडी घालतात आणि अळ्या मुळांवरच वाढतात. अमेरिकेत या किडीवरचा खर्च आणि नुकसान मिळून आकडा वर्षाला अब्ज डॉलरच्या घरात जातो. १९९० च्या दशकात ती युरोपातही पोहोचली. स्वित्झर्लंडमधील नूशातेल विद्यापीठातले टेड टर्लिंग्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये या किडीबद्दल एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. अळीने मूळ चावले की मक्याचे मूळ कॅरिओफायलीन नावाचे वासाचे द्रव्य सोडते. लवंग आणि मिरीच्या वासातही हेच द्रव्य असते. ते मातीच्या कणांमधल्या पोकळीतून झपाट्याने पसरते आणि एका विशिष्ट जातीच्या सूत्रकृमींना अळीपर्यंत ओढून आणते.

हे सूत्रकृमी झाडाला धक्का लावत नाहीत, ते कीटक मारतात. अळीच्या शरीरात शिरून ते आपल्या पोटातले जिवाणू तिथे सोडतात, आणि एक-दोन दिवसांत अळी मरते. म्हणजे जखम झालेले मूळ शत्रूच्या शत्रूला साद घालते. शेतातल्या प्रयोगात, साद घालणाऱ्या वाणाच्या मुळांवरील अळ्यांमध्ये सूत्रकृमींची लागण गप्प राहणाऱ्या वाणाच्या पाचपट आढळली. गप्प वाणाच्या मुळांशी शुद्ध कॅरिओफायलीन टाकले, तेव्हा जमिनीतून बाहेर पडणाऱ्या भुंगेऱ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली.

आता गप्प वाण म्हणजे कोणते? मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे साद घालतो. तपासलेल्या युरोपीय वाणांनीही ती घातली. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक वाणांनी मात्र ती घालवली होती, आणि त्याच भूमीत ही कीड सर्वाधिक नुकसान करते. पुढे २००८ मध्ये कारण कळले. कॅरिओफायलीन तयार करणारे जनुक या वाणांत आहे, पण मुळांत ते चालूच होत नाही. कोणी ते मुद्दाम काढले नव्हते. पैदासकारांनी कणीस, दाणा, उंची पाहिली. मूळ काय सोडते हे पाहण्याचे कारणच त्यांना नव्हते. जे मोजले नाही ते पिढ्यांमागून पिढ्या निसटत गेले.

याच संशोधकांनी मग ओरेगॅनो या सुगंधी वनस्पतीतले जनुक गप्प वाणात घातले. मुळांनी साद घातली. २००९ मध्ये त्यांनी शेतातल्या चाचणीचे निष्कर्ष मांडले: कीड आणि सूत्रकृमी दोन्ही सोडलेल्या वाफ्यांत या झाडांच्या मुळांचे नुकसान बरेच कमी झाले आणि त्यांच्याखालून ६० टक्के कमी भुंगेरे निघाले.

इथे थांबले असते तर ही एक गोड गोष्ट झाली असती. पण चित्र नंतर अधिक खरे झाले. घातलेले जनुक सतत चालू होते. अळी असो वा नसो, मुळे वास सोडतच राहिली. २०१३ मध्ये समोर आले की अशा झाडांची उगवण, वाढ आणि उत्पादन यांना फटका बसतो आणि पाने खाणाऱ्या किडीही त्यांना जास्त त्रास देतात. रानटी मका चावा बसल्यावरच साद घालतो, त्यामागे हे कारण असणार. संरक्षणाला कर्ब लागतो, ऊर्जा लागते, आणि तीच सामग्री दाण्यातही भरायची असते. प्रतिकार वाढवायचा म्हणजे तो कायमचा चालू करायचा, ही समजूत मला या क्षेत्रातली सर्वात महागडी चूक वाटते.

कीडही स्वस्थ बसलेली नाही. मका मुळांतून काही कडवट, विषारी संयुगे सोडतो आणि त्यांच्या मदतीने मातीतले लोहही पकडून घेतो. ही अळी ती संयुगे शरीरात साठवते आणि सूत्रकृमींपासून स्वतःचा बचाव करते. २०१८ मध्ये तर असे दिसले की लोहाला बांधलेल्या याच संयुगांचा माग काढत ती मुळापर्यंत येते. झाडाचे हत्यार तिच्यासाठी ढालही झाले आणि वाटाड्याही. त्यामुळे संरक्षक रसायनाचे प्रमाण आंधळेपणाने वाढवणारा वाण एखाद्या सर्वभक्षी हुमणीला रोखेल, पण मक्यावरच पोसलेल्या या अळीला मेजवानी देऊ शकेल. प्रत्येक पिकाला त्याच्या नेमक्या शत्रूसमोर तपासणे भाग आहे.

म्हणूनच मला सर्वाधिक आशा वाटते ती झाडाला आधीपासून सावध करण्याच्या मार्गाकडून. सावध झालेले झाड संरक्षक द्रव्ये साठवत बसत नाही, पण हल्ला झाला की पटकन आणि जोरात उत्तर देते. त्यासाठी झाडाला शत्रूची चाहूल लागावी लागते. मुळांवर जगणारे सूत्रकृमीही एकमेकांशी बोलण्यासाठी ॲस्करोसाइड नावाची द्रव्ये वापरतात. अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन संस्थेतील डॅनियल क्लेसिग, फ्रँक श्रोडर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले, की टोमॅटो, बटाटा, बार्ली अशी पिके हे बोलणे ओळखतात. या द्रव्याचा अत्यल्प अंश मिळाला तरी झाडाची प्रतिकारयंत्रणा जागी होते, आणि फक्त सूत्रकृमीच नव्हे तर जिवाणू, बुरशी, विषाणू यांच्याविरुद्धही ती उपयोगी पडते. पुढे २०२० मध्ये आणखी एक पदर उलगडला. झाड हे द्रव्य आत घेते, त्याची रेणूची शेपटी तोडून आखूड करते आणि बदललेले द्रव्य मुळांवाटे मातीत सोडते. त्या मिश्रणाने सूत्रकृमी दूर राहतात. शत्रूचा निरोप खोडून त्यालाच परत पाठवणारी ही यंत्रणा वाचून मी थक्क झालो होतो.

प्रतिकारक जनुकांचा मार्ग जुना आहे आणि तो टाकून देण्याजोगा नाही. टोमॅटोतील सूत्रकृमींना रोखणारे एमआय जनुक १९४० च्या दशकात एका रानटी जातीशी संकर करून आणले गेले. मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी पेशीत घुसू लागला की त्याच्या भोवतीच्या पेशी स्वतः मरतात आणि त्याची उपासमार होते. पण मातीचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की हे जनुक ढिले पडते. सोयाबीनमध्ये वेगळी अडचण आली. अमेरिकेतील बहुसंख्य प्रतिकारक वाणांना एकाच मूळ स्रोतापासून प्रतिकारशक्ती मिळाली, आणि अनेक शेतांतले सूत्रकृमी तिला सरावले.

सिलिकॉनचा मार्ग याहून साधा आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनखालोखाल सिलिकॉनच आहे, पण झाडाला तो पाण्यात विरघळलेल्या सिलिसिक आम्लाच्या रूपातच घेता येतो. भात, ऊस, गहू, मका ही गवताच्या कुळातली पिके तो भरपूर उचलतात आणि पेशींत काचेसारखे कठीण कण करून ठेवतात. अळीच्या जबड्यांची झीज होते, खाल्लेले नीट पचत नाही. ऑस्ट्रेलियात उसाच्या मुळांवर जगणाऱ्या हुमणीवर काम झाले आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढवला तेव्हा हुमणीने मुळे अधिक खाल्ली. मातीला सिलिकॉन दिला तेव्हा हा परिणाम उलटला. म्हणजे उद्याच्या हवामानात ही कीड जड जाण्याची जी भीती आहे, तिच्यावर एक उतारा हाताशी आहे. त्याच उसात असेही आढळले की मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी असेल तर झाडात अधिक सिलिकॉन साठतो आणि हुमणीचा परिणाम सौम्य होतो. वारंवार खोल नांगरट आणि स्फुरदाचा अतिरेक यांनी ही बुरशी मागे पडते, तेव्हा तिच्याबरोबर झाडाच्या संरक्षणाचा एक भागही जातो.

उसासारखे पीक एका हंगामात हेक्टरी ३०० किलोहून अधिक सिलिकॉन उचलू शकते. तीच तीच पिके घेतलेल्या, खूप पाऊस झेललेल्या जुन्या मातीत विरघळलेला सिलिकॉन घटलेला असतो, वाळू कितीही असली तरी. त्यामुळे सिलिकेटयुक्त खत टाकण्याआधी मातीतील उपलब्ध सिलिकॉनची तपासणी करून घ्यावी. सिलिकेट सावकाश विरघळते, म्हणून ते लागवडीपूर्वी मिसळतात. टोमॅटोसारखी पिके सिलिकॉन फारच कमी उचलतात. त्यांच्यासाठी प्रतिकारक वाण, मायकोरायझा आणि पिकांची फेरपालट यांवरच भर द्यावा लागेल.