वीस सेकंदांची उसंत: विमानातून जंगल पेटवण्याच्या तंत्राची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि कॅनडात वणव्याचे दिवस येण्याआधी हेलिकॉप्टरमधून मुद्दाम जंगल पेटवतात, हे ऐकलं की आपल्याकडे पहिल्यांदा नवल वाटतं. पण मूळ विचार आपल्याला नवा नाही. उन्हाळा तापण्याआधी विदर्भातल्या जंगलांत वनखात्याचे मजूर जाळरेषा जाळून काढतात, ते याच हिशेबानं: वाळलं गवत आणि पाचोळा आपणच आधी संपवला, की वणव्याला पुढे सरकायला खाद्य उरत नाही. तिकडे मात्र जाळायचं असतं ते एका रेषेपुरतं नव्हे, तर सलग हजारो हेक्टर.

गोष्ट सुरू होते पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थच्या दक्षिणेकडच्या जॅरा वृक्षांच्या जंगलात. जानेवारी १९६१ मध्ये विजा पडून तिथे आगी लागल्या, वाऱ्यानं एकत्र आल्या आणि ड्वेलिंगअप हे लाकूड-व्यवसायावर जगणारं गाव जवळजवळ पूर्ण जळालं. आसपासच्या छोट्या वस्त्याही गेल्या. माणसं वाचली, हे आश्चर्यच. त्यानंतर नेमलेल्या रॉजर आयोगानं नियोजित जाळणी वाढवा, अशी शिफारस केली. शिफारस करणं सोपं होतं. प्रश्न होता तो माणसांचा. वनखात्याची माणसं जंगलातून पायी चालत, ठरावीक अंतरावर पाचोळा पेटवत जायची. डोंगराळ, झुडपांनी भरलेल्या भागात एक तुकडी दिवसाकाठी पेटवणार तरी किती? त्यात जाळायला योग्य दिवस वर्षात मोजकेच. पाला फार ओला असेल तर आग धरत नाही, फार सुका असेल तर आवरत नाही.

ऑस्ट्रेलियाची सरकारी संशोधन संस्था सीएसआयआरओ आणि राज्याचं वनखातं यांनी मिळून यावर उपाय शोधला. आगीचा अभ्यासक अ‍ॅलन मॅकआर्थर यांनी नियोजित जाळणीचे नियम बांधायला आधीच सुरुवात केली होती. सीएसआयआरओचे डेव्हिड पॅकहॅम आणि वनखात्याचे जॉर्ज पीट यांनी विमानाचा प्रयोग पुढे नेला. १९६५ च्या अखेरीस राज्याच्या दक्षिण भागात विमानातून प्रत्यक्ष जाळणी झाली.

त्यांच्यापुढची अडचण आजही जशीच्या तशी आहे. आग खाली टाकायची, पण ती विमानात असता कामा नये. पेटती वस्तू दारातून फेकणं म्हणजे स्वतःच्या पायाखाली निखारा ठेवणं. म्हणून त्यांनी रसायनाचा आधार घेतला. पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे पटकीच्या साथीत आपल्याकडे विहिरीत टाकत ते जांभळं औषध, प्लास्टिकच्या छोट्या कुपीत भरायचं. गाडीच्या रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये असतं ते इथिलीन ग्लायकोल त्यात सुईनं टोचायचं. दोन्ही वेगवेगळी असतात तोवर गप्प असतात. एकत्र आली की लगेच भडका उडत नाही. आधी ती तापतात, धूर सोडतात आणि वीस-तीस सेकंदांनी पेट घेतात. तेवढ्या वेळात कुपी विमानाबाहेर पडून जमिनीवरच्या पाचोळ्यात जाऊन बसलेली असते. विमानातून जाळणीच्या सुरक्षिततेचा सगळा डोलारा या वीस सेकंदांच्या उसंतीवर उभा राहिला.

दुसरी युक्ती रचनेची होती. कुप्या जंगलावर ठरावीक अंतरानं, चौकटीसारख्या पडत. प्रत्येक ठिकाणी लहानशी आग लागे आणि मंद गतीनं पसरत जाई. अंतर असं धरलेलं असे, की शेजारच्या आगी एकमेकींना भिडेपर्यंत संध्याकाळ व्हावी, हवेतला ओलावा वाढावा आणि जाळ आपोआप बसावा. हे गणित जमलं तर पाचोळा जातो, झाड राहतं. चुकलं तर आपणच वणवा लावलेला असतो.

कॅनडातल्या वनसंशोधकांनी १९७० च्या दशकात हीच कल्पना हेलिकॉप्टरसाठी उचलली. कुपीची जागा पिंगपाँगच्या चेंडूपेक्षा थोड्या लहान अशा प्लास्टिकच्या गोळीनं घेतली. गोळीत सुमारे तीन ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट. हेलिकॉप्टरच्या उघड्या दाराशी यंत्र बसवायचं. ते एकेक गोळी सुईनं टोचतं, ग्लायकोल भरतं आणि खाली सोडतं. अमेरिकेत अजूनही बोलीत या यंत्राला ‘पिंगपाँग मशीन’च म्हणतात. त्याच दशकात उत्तर अमेरिकेत हेलिटॉर्चही आली. हेलिकॉप्टरखाली लोंबणारं पिंप, त्यात दाट केलेलं पेट्रोल, आणि ते पेटत्या गोळ्यांसारखं खाली टपकत राहतं. तोडलेल्या जंगलातल्या जाड, ओलसर ओंडक्यांवर चेंडू निकामी ठरतात, तिथे ही मशाल चालते. पण तिच्यात उसंत नावाची गोष्टच नाही. म्हणून तिचे नियम वेगळे: इंधन कालवताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये यासाठी पिंप, पंप, हेलिकॉप्टर सगळं तारेनं जमिनीशी जोडायचं, माणसांवरून, रस्त्यावरून कधी उडायचं नाही, आणि काही बिघडलं तर वैमानिकाला एका कळीनं अख्खी मशाल सोडून देता यायला हवी.

चेंडूच्या यंत्रात भीती वेगळी. टोचलेली गोळी यंत्रातच अडकली तर? वीस सेकंदांचं घड्याळ थांबत नाही. म्हणून यंत्राला स्वतःची पाण्याची टाकी असते, आणि उड्डाणाआधी ती चालते की नाही हे तपासल्याशिवाय काम सुरू होत नाही. यंत्र चालवणारा पट्ट्यानं बांधलेला असतो. वैमानिकानं सांगितल्याखेरीज गोळी सुटत नाही, आणि हद्दीबाहेर वळण घेताना यंत्र बंद. हेलिकॉप्टरात गरजेपुरतीच माणसं. हे नियम कागदावर रुक्ष दिसतात. पण यंत्राच्या तोंडाशी धूर दिसल्यावर विचार करत बसायला वेळ नसतो, म्हणून ते आधीच ठरवलेले असतात.

मात्र अलीकडच्या अपघातांकडे पाहिलं तर लक्ष भलतीकडेच जातं. ३० मार्च २०१५ रोजी मिसिसिपीतल्या डिसोटो राष्ट्रीय वनात जाळणी चालू असताना हेलिकॉप्टर कोसळलं. दोघे गेले, तिसरा गंभीर जखमी झाला. मार्च २०१९ मध्ये टेक्ससच्या सॅम ह्यूस्टन राष्ट्रीय वनात पुन्हा तेच. वनसेवेचा एक कर्मचारी मृत्युमुखी पडला. दोन्ही वेळा मुळाशी यंत्रातली आग नव्हती. इंजिनाची ताकद गेली होती. टेक्ससच्या तपासात गोळ्यांची रिकामी पिशवी इंजिनाच्या हवा खेचणाऱ्या भागाशी अडकल्याचा मुद्दा पुढे आला. गोळ्यांची चिंता करता करता पिशवी निसटते, ती अशी.

इंजिन बंद पडलं तरी पाती वाऱ्यावर फिरत ठेवून हेलिकॉप्टर उतरवता येतं. पण त्यासाठी हाताशी एक तर उंची हवी किंवा वेग. जाळणीत दोन्ही कमी असतात: झाडांच्या शेंड्यांच्या वर थोडंसं, तेही सावकाश, आणि खाली पेटतं जंगल. माझ्या मते या तंत्राचा सर्वांत मोठा धोका इथेच आहे, आणि रसायनाची कितीही करामत तो कमी करू शकत नाही.

ड्रोनची कल्पना याच धोक्यावर उत्तर शोधताना आली. नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी चेंडू टोचून सोडणारं छोटं यंत्र ड्रोनखाली बसवलं आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याच राज्यातल्या होमस्टेड राष्ट्रीय स्मारकाच्या गवताळ माळावर ते वापरून पाहिलं. त्यातूनच ड्रोन अ‍ॅम्प्लिफाइड ही कंपनी निघाली. चेंडू तेच, रसायनं तीच. फक्त वर माणूस नाही. मग आडवं आलं राजकारण. चिनी सुट्या भागांच्या संशयावरून अमेरिकेच्या अंतर्गत खात्यानं, म्हणजे तिथल्या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्यानं, २०२० च्या सुरुवातीला आपले ड्रोन जमिनीवर बसवले. वणवा विझवण्यासारख्या आणीबाणीला सूट मिळाली. वणवा टाळण्यासाठी आधी करायची जाळणी मात्र कुठल्याही व्याख्येनं आणीबाणी ठरत नव्हती.

शिवाय ड्रोनचा पल्ला लहान, अफाट क्षेत्राला तो पुरत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात, पश्चिम अर्नहेम लँडच्या पठारावर २००६ पासून कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच जाळणी करण्याची योजना चालते. ऋतूच्या अखेरीच्या प्रचंड आगी आणि त्यांतून होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमी करणं हा तिचा हेतू. क्षेत्र सुमारे २८,००० चौरस किलोमीटर. तिथले आदिवासी रेंजर काही भाग पूर्वापार पद्धतीनं पायी फिरून पेटवतात आणि दुर्गम कडेकपारींसाठी हेलिकॉप्टरमध्ये बसतात. कुठे आणि कधी पेटवायचं हे त्या भूमीचे पारंपरिक मालक ठरवतात. विमानानं काम उरकतं, पण जमीन पायाखाली न घेता पेटवली जाते, अशी कुरबुर उत्तर ऑस्ट्रेलियात अधूनमधून ऐकू येते. म्हणून बऱ्याच ठिकाणी उड्डाणाच्या आदल्या दिवशी नकाशा पसरून बुजुर्गांसोबत मार्ग आखला जातो: कुठली राई वगळायची, कुठल्या पवित्र जागेपासून किती दूर राहायचं. त्यानंतर गोळ्या मोजल्या जातात.