१/७२ आणि २८ मिमी : चार मिलिमीटरची गफलत

दुपारचे दोन वाजलेले, बाहेर ४५ अंश, कूलर घरघरतोय आणि भाचा माझ्या रंगकामाच्या टेबलावरचे दोन फ्रेंच सरदार दोन तळहातांवर घेऊन उभा. "मामा, हे दोन्ही तं सारखेच दिसून राहिले. एक जरा खात्यापित्या घरचा आहे, एवढंच." उजव्या हातात १/७२चा सरदार, डाव्या हातात २८ मिमीचा. मी हसलो नाही. काही वर्षांपूर्वी मीही असंच समजलो होतो, आणि ती समजूत मला बारा घोडेस्वारांच्या एका डब्याएवढी महाग पडली.

मध्ययुगीन सैन्यांच्या छोट्या प्रतिकृती जमवणं आणि रंगवणं हा माझा छंद. नागपुरात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या नंदीसारखं?" तसं अगदीच चूक नाही. पण नंदी घेताना आपण फक्त ऐपत बघतो. सैनिक घेताना डब्यावरचा आकडा वाचावा लागतो, आणि घोळ तिथेच होतो.

१/७२ हे प्रमाण आहे. खऱ्या माणसाचा बहात्तरावा हिस्सा, बस. १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस १/७२मध्ये साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास येतो. घोडा, गाडा, तोफ, किल्ल्याचा दरवाजा, सगळ्यांना तोच भागाकार. हा बहात्तरही हवेतून आलेला नाही. सहा फूट म्हणजे ७२ इंच, म्हणून या प्रमाणात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. फूट-इंचांत विचार करणाऱ्यांची ही सोय.

२८ मिमी हे प्रमाण नाहीच. ती मूर्तीची उंची आहे, आणि तीसुद्धा डोक्यापर्यंतची असेलच असं नाही. जुनी रीत तळपायापासून डोळ्यापर्यंत मोजायची. कारण डोक्यावर कुणाच्या शिरस्त्राण, कुणाच्या टोपी, कुणाच्या पिसांचा तुरा. त्यामुळे माथा नेमका कुठे हे ठरवणं अवघड, डोळा मात्र दिसतो. काही उत्पादक डोळ्यापर्यंत मोजतात, काही थेट माथ्यापर्यंत. म्हणूनच दोन कंपन्यांचे "२८ मिमी" शेजारी ठेवले तर काका-पुतणे दिसतात.

आता गणित करून बघा. डोळ्यापर्यंत २८ मिमी धरले तर आपला तोच १७० सेंटीमीटरचा माणूस साधारण १/५६ प्रमाणात बसतो आणि माथ्यापर्यंत तीस मिलिमीटर भरतो. म्हणजे २४ आणि २८ यांत जो चाराचा फरक वाटतो, तो प्रत्यक्षात सहा-सातचा आहे. शिवाय माणूस काही नुसता उंचीने वाढत नाही. रुंदी आणि जाडीही त्याच पटीत वाढते, त्यामुळे २८ मिमीच्या शिपायाचं आकारमान १/७२वाल्याच्या दुपटीहून थोडं जास्तच होतं. डाव्या हातातला सरदार खात्यापित्या घरचा दिसला तो यामुळे. भाच्याचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष तेवढा चुकला.

या गफलतीचं मूळ जुनं आहे. पूर्वी धातूच्या मूर्ती "२५ मिमी" नावाने मिळत, आणि एक इंच म्हणजे २५.४ मिमी. तेव्हा २५ मिमी आणि १/७२ खरोखरच शेजारी उभे करता येत. पुढे मूर्तिकार दरवेळी चेहरा थोडा स्पष्ट, हात थोडा मोठा करत गेले. पंचवीसाचे अठ्ठावीस झाले, आता बत्तीसही दिसतात. पण "दोन्ही जवळपास सारखेच" ही जुनी समजूत काही बदलली नाही. मी तिच्यावरच विसंबलो. माझं आझँकूरच्या लढाईचं सैन्य, इंग्लिश आणि फ्रेंचांची २५ ऑक्टोबर १४१५ची ती चिखलातली लढाई, सगळं १/७२मध्ये होतं. फ्रेंच घोडदळ कमी पडत होतं म्हणून २८ मिमीच्या बारा स्वारांचा डबा मागवला. जोडले, रंगवले, ओळीत मांडले आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. फ्रेंचांनी हत्ती आणलेत असं वाटत होतं.

उंचीपेक्षाही त्रास देणारा फरक म्हणजे प्लास्टिक. डब्यावर तो ठळक अक्षरांत लिहिलेला क्वचितच असतो.

२८ मिमीचे प्लास्टिकचे शिपाई बहुतेक पॉलिस्टायरीनचे असतात. आपल्या थर्माकोलचा हा सख्खा पण घट्ट भाऊ. धड, हात, डोकी सुटी येतात आणि आपण जोडायची. मॉडेलचा खास गोंद हे प्लास्टिक किंचित विरघळवतो, त्यामुळे दोन तुकडे चिकटत नाहीत, एकजीव होतात. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे शिपायावर उठलेली रेघ चाकूने खरवडलं की सफाईने निघते, आणि रंगही घट्ट धरतो. याउलट १/७२चे बरेच संच मऊ पॉलिथिलीनचे, दुधाची पिशवी ज्या जातीची तीच ही जात. मॉडेलचा गोंद यावर काहीच करत नाही आणि फेविक्विकची पकडही भरवशाची नाही. रेघ खरवडायला जावं तर प्लास्टिक निघण्याऐवजी त्याला बारीक केस फुटतात. आणि मुख्य म्हणजे रंग. शिपाई वाकतो, रंग वाकत नाही. आधी भाल्याच्या टोकाचा टवका उडतो, मग तलवारीचा. रशियाच्या झ्वेज्दासारख्यांचे काही संच जरा ताठ प्लास्टिकचे आणि सुट्या भागांचे असतात, म्हणून सरसकट नियम सांगत नाही. नखाने दाबून बघा. भाला वाकून परत सरळ झाला तर मऊ समजा.

मऊ शिपायांना मी आधी भांड्यांच्या लिक्विडने जुन्या टूथब्रशने आंघोळ घालतो, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर पुढचं सगळं वाया. वाळले की पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात. तो वाळताना आवळतो आणि शिपायाभोवती सालासारखा बसतो. रंग प्लास्टिकला नाही, त्या सालाला धरतो. शेवटी वार्निशचे दोन हात. डब्यात दबून वाकडे झालेले भाले गरम पाण्यात बुडवायचे, सरळ करायचे आणि लगेच थंड पाण्यात. मे महिन्यात आमच्या टाकीचं पाणी नळातूनच पोळत येतं, तरी या कामाला ते पुरत नाही. गॅसवर पातेलं ठेवावंच लागतं.

दोन्हींसाठी नागपूरचा उन्हाळा सारखाच वैरी. दुपारी गच्चीवर प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, स्प्रे मारला तर फवारा शिपायापर्यंत पोचायच्या आतच हवेत अर्धा वाळतो आणि अंगावर रवा सांडल्यासारखा खरखरीत थर बसतो. स्प्रे पहाटे सहाला मारावा, नाहीतर ब्रशने प्रायमर लावावा. पॅलेटवरचा रंगही बघता बघता कडक होतो, म्हणून जेवणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही चालतो.

रंगवण्याकडे आलं की दोघांचे स्वभाव पार वेगळे होतात. एकच उदाहरण घेतो, इंग्लिश शिपायाच्या छातीवरचा सेंट जॉर्जचा लाल क्रूस. १३८५च्या युद्धनियमांत राजाच्या सैन्यातल्या प्रत्येकाने तो पुढे आणि मागे लावावा असा हुकूम होता, म्हणजे इंग्लिश सैन्य रंगवायचं तर यातून सुटका नाही. १/७२च्या छातीवर पांढरा ठिपका, त्यावर लाल रंगाचा एक उभा आणि एक आडवा फटकारा, झालं. रेघ थोडी थरथरली तर हातभर अंतरावरून कळतसुद्धा नाही. उलट तिथे रंग मुद्दाम भडक ठेवावा लागतो. खरा मळकट पांढरा वापरला तर लांबून राखाडी डाग दिसतो. २८ मिमीवर तोच क्रूस म्हणजे शिवलेलं कापड. त्याला कड आहे, अंगरख्याच्या चुण्यांबरोबर तो मोडतो, चुणीत गडद लाल, उंचवट्यावर उजळ लाल. मला एका क्रूसाला दहा मिनिटं लागतात.

कड्यांच्या चिलखताचंही तसंच. २८ मिमीवर कड्या खरोखर उठावदार असतात, म्हणून आधी काळा हात द्यायचा आणि मग जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी रंग वरवर घासायचा. कडी न् कडी उठून येते. १/७२वर ती नक्षी इतकी बारीक की कोरडा ब्रश सगळंच चंदेरी करून टाकतो. तिथे उलट क्रम बरा पडतो. आधी चंदेरी, मग काळा वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सोडायचा. तो खाचांत जाऊन बसतो.

डोळ्यांचा प्रश्न सगळे विचारतात. १/७२मध्ये डोळे काढू नका. भुवईखाली वॉशची सावली पडली की चेहरा जिवंत दिसतो. पांढरे ठिपके दिलेत तर प्रत्येक शिपाई भूत बघितल्यासारखा होतो. २८ मिमीमध्ये मात्र डोळे हवेत. आमच्या चितार ओळीत, मूर्तिकारांच्या वस्तीत, गणपतीच्या डोळ्यांची आखणी अगदी शेवटी होते, आणि लहानपणापासून तेच पाहिल्यामुळे मीही डोळे शेवटीच काढायचो. हात चुकला की अख्खा चेहरा पुन्हा. आता आधी डोळे काढतो आणि मग भोवतीने त्वचेचा रंग नीट भरत येतो. चूक आपोआप झाकली जाते. मूर्तिकारांना हे सांगायची माझी हिंमत नाही, त्यांचा हात चुकत नाही.

१/७२ची बाजू घेऊन एक गोष्ट सांगायलाच हवी, शरीराचं प्रमाण. २८ मिमीत बऱ्याचदा डोकी आणि हात मुद्दाम मोठे केलेले असतात, आणि लांब धनुष्य तर लाठीएवढं जाड. अपवाद आहेत, नॉटिंगहॅमच्या पेरी बंधूंचे पंधराव्या शतकातले शिपाई त्या मानाने सडपातळ आहेत. या जुळ्या भावांपैकी ॲलन पेरींनी १९९६ साली जुन्या लढाईच्या प्रात्यक्षिकात तोफेच्या अपघातात उजवा हात गमावला आणि नंतर डाव्या हाताने मूर्ती घडवायला ते शिकले. त्यांच्या बोटभर शिपायाचं मनगट बघताना हे मला दरवेळी आठवतं.

आता वेळेचा हिशेब. आझँकूरला इंग्लंडचा राजा हेन्री पाचवा याचं सैन्य सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान होतं असे इतिहासकारांचे अंदाज आहेत, त्यात बहुसंख्य धनुर्धारी. सहा हजार धरले आणि पन्नास माणसांमागे एक शिपाई ठेवला तर १२० शिपाई लागतात. माझ्या हाताला १/७२चा शिपाई चाळीस मिनिटं घेतो, २८ मिमीचा दोन तास. म्हणजे एकीकडे ८० तास, दुसरीकडे २४०, आणि अजून फ्रेंच बाकीच आहेत! नोकरी सांभाळून रविवारी तीन तास मिळतात म्हटलं तर पहिलं सैन्य सहा महिन्यांत उभं राहतं, दुसऱ्याला दीड वर्ष. जागाही तशीच. माझं १/७२चं रणांगण डायनिंग टेबलावर मावतं. २८ मिमीला सहा बाय चार फुटांचं टेबल हवं, आणि ते दिवाणखान्यात ठेवायचं तर आधी घरात तह करावा लागतो. पैशांत एका शिपायामागे दुप्पट-तिप्पट फरक पडतो, बाहेरून मागवलं तर कुरिअर आणि कस्टम वेगळं.

मला विचाराल तर ज्याला लढाई बघायची आहे, निशाणं, रांगा, चिखलात अडकलेली गर्दी, त्याने १/७२ घ्यावं. ज्याला माणूस रंगवायचा आहे त्याने २८ मिमी घ्यावं आणि बारा-पंधरावर थांबावं. पहिल्यांदाच ब्रश धरणाऱ्याला मात्र मी २८ मिमी देतो, थोडं महाग असलं तरी. ताठ प्लास्टिक चुका सोसतं, आणि पहिल्याच शिपायाचा टवका उडाला तर माणूस दुसरा रंगवत नाही.

दोन्ही मिसळायचेच असतील तर काय चालतं? झाडं, कुंपण, दगड, तंबू बिनधास्त चालतात. गाडा आणि तोफ दोन हात लांब असतील तर खपून जातात. माणसं, घोडे आणि दरवाजे मात्र कधीच नाहीत, कारण डोळा या तिघांवरूनच माप घेतो. डबा घेताना चित्रावर जाऊ नका. अपूर्णांक लिहिलाय की मिमी ते बघा, आणि मिमी असेल तर त्याच कंपनीचा एक शिपाई आधी पट्टीला लावा.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याने पट्टी घेतली, दोन्ही सरदार डोळ्यापर्यंत मोजले, कागदावर काहीतरी भागाकार केला आणि म्हणाला, "मग तुमचे ते बारा हत्तीवाले कुठं गेले?" ते दरवर्षी दिवाळीत अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर पहारा देतात. तिथले मावळे त्यांच्या दुप्पट उंच आहेत, आणि महाराज बुरुजाहून.