घुमतो तो सबवूफर नव्हे, खोली

पाठलाग सुरू झाला की खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि पुढच्याच प्रसंगात नायिका काय पुटपुटली ते कुणालाच कळत नाही. मग रिमोटची झटापट. संवादाला आवाज वाढवा, स्फोटाला कमी करा. होम थिएटर बसवलेल्या घरांतली ही सर्वांत नेहमीची तक्रार, आणि तिच्यावर सुचवले जाणारे उपायही ठरलेले: जास्त वॉटचा ॲम्प्लिफायर घ्या, बारा इंची सबवूफर (फक्त खालचे, जड सूर म्हणजे बेस वाजवणारा स्पीकर) आणा, नाहीतर जाडजूड केबल टाका. मूळ दुखण्याला यातला एकही उपाय हात लावत नाही. दुप्पट ताकदीचा सबवूफर आणला तर दुखणंच वाढतं, कारण घुमत असते ती खोली.

चित्राचा विषय आधी उरकू. ६५ इंची ४के पडद्यावरचा एक पिक्सेल जेमतेम ०.३७ मिलिमीटरचा असतो. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातला तपशील वेगळा ओळखता येतो. म्हणजे साधारण १.३ मीटरच्या पलीकडे बसलं की दोन शेजारी पिक्सेल एकमेकांत मिसळून जातात. सोफा त्याहून लांब असताना ८के घेऊन डोळ्याला काय मिळणार, ते जाहिराती करणाऱ्यांनाच ठाऊक. मेन्यूत जाऊन पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करायचा, मोशन स्मूदिंग बंद करायचं (चित्रपट सहसा सेकंदाला २४ चौकटींचा असतो, मधल्या चौकटी टीव्हीने आपल्या मनाने भरल्या की तो मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो) आणि पडदे ओढून घ्यायचे. चित्रापुरती खोली तेवढ्याने गप्प बसते. आवाजापुढे मात्र ती गप्प बसत नाही.

हवेत ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. वेगाला वारंवारतेने भागलं की तरंगलांबी मिळते, हे शाळेतलंच सूत्र. १,००० हर्ट्झच्या आवाजाची लांबी ३४ सेंटिमीटर, म्हणजे खोलीच्या मानाने किरकोळ. पण ३४.३ हर्ट्झच्या आवाजाची लांबी १० मीटर. आता ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच अशी खोली घ्या. तिच्या लांबीत या तरंगाचा बरोबर अर्धा भाग बसतो. सबवूफरमधून निघालेली लहर समोरच्या भिंतीवर आपटून परत येते, मागच्या भिंतीवरून पुन्हा उलटते, आणि प्रत्येक फेरीला आधीच्या लहरीशी ताल जुळलेला असतो. दाब साठत जातो. टबातलं पाणी लयीत ढकललं की दोन्ही टोकांना ते आळीपाळीने चढतं-उतरतं आणि बरोबर मध्यावर पातळी जवळपास हलतच नाही, तसं खोलीतल्या दाबाचं होतं: भिंतींपाशी कमाल, मध्यावर जवळजवळ शून्य. पुस्तकी भाषेत भिंतीपाशी प्रस्पंद, मध्यावर निस्पंद. ध्वनी-अभियंते याला खोलीचा मोड म्हणतात.

मोड काढायची रीत सोपी आहे. ३४३ ला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं. ५ मीटरला ३४.३ हर्ट्झ, ४ मीटरला ४२.९, ३ मीटरला ५७.२. मग त्यांच्या पटी: ६८.६, ८५.८, १०२.९, ११४.३ वगैरे. याखेरीज दोन-तीन दिशा मिळून तयार होणारे तिरपे मोडही असतात. चित्रपटाच्या ध्वनिपट्टीतला बेस या सगळ्या वारंवारतांना सारख्याच जोराने आला, तरी खोली यातल्या काहींना उचलून धरते आणि काहींना गिळून टाकते. भिंती विटांच्या किंवा काँक्रीटच्या असतील तर जास्तच, कारण जड भिंत बेस बाहेर जाऊ देत नाही आणि स्वतः हलून तो शोषतही नाही. सगळ्यात वाईट खोली चौरस. आणि तिची उंचीही लांबी-रुंदीएवढी असेल तर तिन्ही दिशांचे मोड एकाच वारंवारतेवर येऊन बसतात.

एकच सोफा दोन घरांत दोन तऱ्हांनी का ऐकू येतो, ते आता कळेल. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर लांबीचे सगळे मोड तिथे कमाल पातळीला असतात, आणि बेस पोटात गुद्दे मारल्यासारखा येतो. सोफा खोलीच्या बरोबर मध्यावर ओढला तर ३४ हर्ट्झ गायब आणि ६९ हर्ट्झ जोरात. गणितात सांगायचं तर एखाद्या जागी मोडचा जोर हा ‘मोडचा क्रमांक गुणिले १८० अंश गुणिले अंतराचा लांबीशी भाग’ या कोनाच्या कोसाइनएवढा असतो. मध्यावर पहिल्या मोडसाठी कोन ९० अंश, म्हणून शून्य. पाव अंतरावर दुसऱ्या मोडसाठी ९० अंश, म्हणून तो शून्य. भिंतीपासून ३८ टक्के अंतरावर पहिल्या तीन मोडची उत्तरं सुमारे ०.३७, ०.७३ आणि ०.९० येतात (अधिक-उणे चिन्हं सोडून द्या). एकही शून्य नाही, एकही कमाल नाही. ३८ टक्क्यांचा सल्ला जिथे तिथे मंत्रासारखा दिला जातो, त्यामागे एवढाच हिशेब आहे. चौथा मोड मात्र ३७.५ टक्क्यांवर शून्य होतो, म्हणजे जवळजवळ तिथेच! तो १३७ हर्ट्झला असतो, आणि त्या पट्ट्यात मोडची इतकी गर्दी असते की एकाची उणीव बाकीचे भरून काढतात.

ही गर्दी कुठून सुरू होते त्याचं ढोबळ सूत्र जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांच्या नावाने ओळखलं जातं. खोलीतला आवाज ६० डेसिबलने विझायला लागणारा वेळ सेकंदात घ्यायचा, त्याला घनमीटरमधल्या घनफळाने भागायचं, वर्गमूळ काढून २,००० ने गुणायचं. आपल्या ६० घनमीटरच्या खोलीत हा वेळ ०.४ सेकंद धरला तर उत्तर १६३ हर्ट्झ. याच्या वर स्पीकरचा दर्जा बोलतो, याच्या खाली खोली. सबवूफरचं सगळं राज्य याच्या खाली आहे.

आता संवादाकडे. मोड जसा हळूहळू चढतो, तसा तो हळूहळूच उतरतो. पडद्यावरचा स्फोट संपला तरी खोलीतला ३४ हर्ट्झ अर्धा सेकंद किंवा जास्त वेळ रेंगाळतो. आणि कानाची रचना अशी की खालचा सूर वरच्या सुराला झाकतो, उलट फारसं घडत नाही. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत उंच स्वर सुरुवातीलाच टिपले जातात आणि खालचे स्वर पार टोकाला. टोकाला पोहोचायचं तर खालच्या सुराची लहर उंच स्वरांच्या जागेवरूनच पुढे जाते आणि वाटेत तिथला पडदाही हलवते. बेस जितका मोठा, तितकं हे झाकणं वरपर्यंत पसरतं. म्हणून घुमणारा बेस कमी केला की सेंटर स्पीकरला (संवाद वाजवणाऱ्या मधल्या स्पीकरला) हात न लावता संवाद सुटा होतो. सेंटर स्पीकर कपाटाच्या कप्प्यात आत ढकललेला असेल तर तो कडेपर्यंत पुढे ओढा आणि कानाच्या दिशेने तिरपा करा, एवढं मात्र वेगळं करायला हवं.

भिंतीला फोम चिकटवून बेस आटोक्यात येईल ही समजूत फार पसरलेली आहे. फोम हवेच्या कणांची हालचाल अडवून ध्वनी शोषतो. पण भिंतीलगत कण हलतच नाहीत, तिथे फक्त दाब असतो. हालचाल कमाल होते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे ३४ हर्ट्झसाठी अडीच मीटरवर. ५ सेंटिमीटरचा फोम तिथे काय करणार? तो टाळीचा खणखणाट कमी करतो, खोली मृत वाटू लागते आणि बेस होता तसाच राहतो. अंड्याच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको. ते ध्वनिशोषक आहेत ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. कोपऱ्यात ३०-४० सेंटिमीटर जाडीचे खनिज लोकरीचे बेस ट्रॅप लावले तर काही फरक पडतो, पण तोही ठळकपणे ६०-७० हर्ट्झच्या वरच.

स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे सबवूफरची जागा बदलणं. मोड किती जोराने पेटेल हे सबच्या जागेचा कोसाइन गुणिले कानाच्या जागेचा कोसाइन यावर ठरतं. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच. म्हणून दोघांची अदलाबदल करता येते: सबवूफर सोफ्यावर, जिथे डोकं असतं तिथे ठेवायचा (जड असतो, दोघांनी उचला), २० ते ८० हर्ट्झ हळूहळू चढणारा सूर लावायचा आणि आपण भिंतीच्या कडेने रांगत कान जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवून ऐकायचं. काही जागी सूर मध्येच बुडतो, काही जागी अंगावर येतो. जिथे तो सर्वांत सपाट ऐकू येईल तिथे सब ठेवायचा. शोभेसाठी कोपऱ्यात ठेवलेला सब सगळेच मोड पूर्ण जोराने पेटवतो, हे लक्षात असू द्या.

दोन सब परवडत असतील तर हा हिशेब फारच देखणा होतो. हर्मन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीचे टॉड वेल्टी यांनी २००२ साली आयताकृती खोलीत किती सबवूफर पुरतात याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक सब ही त्यातली अतिशय चांगली ठरलेली मांडणी. कारण बघा. लांबीच्या पहिल्या मोडमध्ये एका भिंतीशी दाब वाढतो तेव्हा दुसऱ्या भिंतीशी घटतो. दोन्ही सब एकाच वेळी ढकलू लागले की एकाचं काम दुसरा पुसतो, आणि ३४ हर्ट्झचा मोड पेटतच नाही. दोघेही रुंदीच्या मध्यावर असल्याने ४३ हर्ट्झचा मोडही त्यांच्या हाती लागत नाही. उरतो ६८.६ आणि उंचीचा ५७.२. बसलेल्या माणसाचा कान साधारण मीटरभर उंचीवर येतो, तिथे ५७.२ चा जोर निम्माच असतो. दोन लहान सब एका दांडग्या सबपेक्षा सरस ठरतात ते यामुळे. अर्थात एका बाजूने उघडी किंवा एल आकाराची खोली हे गणित पाळत नाही. तिथे रांगणं आलंच.

यानंतर रिसीव्हरचं (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या ॲम्प्लिफायरचं) ऑटो कॅलिब्रेशन: तो चाचणीचे सूर वाजवतो, माइकने मोजतो आणि प्रत्येक स्पीकरची पातळी व अंतर स्वतः ठरवतो. माइक स्टँडवर, कानाच्या उंचीवर. सोफ्याच्या पाठीवर टेकवायचा नाही. सबवरचा क्रॉसओव्हर नॉब (कुठल्या वारंवारतेपर्यंत सब वाजेल ते ठरवणारा) कमालीला, गेन (सबचा स्वतःचा आवाज) निम्म्यावर. मोजणीनंतर सबची पातळी -१२ सारखी तळाला गेलेली दिसली तर गेन कमी करून पुन्हा मोजा. रिसीव्हरच्या मेन्यूत सगळे स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा बेस सबकडे जातो. रिसीव्हर सबचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा मीटरभर जास्त दाखवतो, तेव्हा हौशी लोक ते ‘दुरुस्त’ करतात. करू नका. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला काही मिलिसेकंद लागतात, आणि एक मिलिसेकंद म्हणजे ३४ सेंटिमीटर. ८० हर्ट्झच्या लहरीला साडेबारा मिलिसेकंद लागतात. सव्वासहाची चूक झाली की सब आणि समोरचे स्पीकर एकमेकांना खोडतात आणि नेमका संवादाखालचा बेस पोकळ होतो.

इक्वलायझरने (निवडक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) १० डेसिबलचा उंचवटा खुशाल कापावा. त्या जागेपुरतं रेंगाळणंही कमी होतं. खड्डा मात्र भरता येत नाही. १० डेसिबल वाढवायचे म्हणजे दहापट वॉट. १०० वॉटचा सब त्या वारंवारतेला १,००० वॉट मागेल आणि निस्पंदावर तेवढंही वायाच जाईल. खड्डा असेल तर सोफा किंवा सब अर्धा मीटर सरकवा. नेमकं चित्र हवं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूएसबी माइक घेऊन १५ ते २०० हर्ट्झचा आलेख काढता येतो.

केबलचा हिशेब दोन ओळींचा आहे. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम, १० मीटर अंतराला जाऊन-येऊन ०.१४ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरवर फरक ०.१५ डेसिबल, जो कानाला कळत नाही. एचडीएमआयमधून आकडे जातात. केबल कमी पडली तर पडद्यावर ठिपके चमकतात किंवा चित्र जातं. आवाज ‘गोड’ किंवा ‘कोरडा’ होत नाही.

हे सगळं झाल्यावर पहिल्या दिवशी बेस कमी झाल्यासारखा वाटतो, कारण घुमणं गेलेलं असतं. शिवाय घरी आपण थिएटरपेक्षा कमी आवाजात बघतो, आणि आवाज कमी केला की कानाला खालचे सूर इतरांपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे आलेखांत मांडलं. तेव्हा रिसीव्हरमध्ये सबची पातळी २-३ डेसिबल वाढवायला हरकत नाही. फक्त कॅलिब्रेशनने ठरवलेला मूळ आकडा आधी लिहून ठेवा, आणि नॉब सबच्या पाठीमागचा फिरवू नका.